उतारवयातील क्रिएटिनिन : आकड्याची शिल्लक आणि उपचारांचा फैसला

बेळगावहून खानापूरकडे निघालेला रस्ता उद्यमबागेतील कारखान्यांची रांग मागे टाकून पिरनवाडीस येतो, आणि तेथे त्यास जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोमंतकात उतरणारा फाटा फुटतो. या फाट्याच्या आसपासच्या खादरवाडी, मच्छे, देसूर, किणये अशा गावांतून, आपले उमेदीचे आयुष्य फौंड्रीच्या भट्टीपुढे, भाताच्या खाचरात किंवा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीत वेचून आता घरी बसलेली जी वृद्ध माणसे आहेत, त्यांना आपल्या देहात मूत्रपिंड नावाचा अवयव असल्याची पहिली जाणीव बहुधा दुसऱ्याच कोणत्या तरी कामासाठी शहरातील दवाखान्यात गेल्यावर होते. मोतीबिंदू काढावयाचा असतो, हर्नियाची शस्त्रक्रिया ठरलेली असते, किंवा गुडघ्यांनी दावा मांडलेला असतो. रिवाजाप्रमाणे रक्त तपासले जाते, आणि संध्याकाळी हाती आलेल्या कागदावर बाकीचे आकडे सरळ असताना एक तेवढा ठळक ठशात उमटलेला असतो : क्रिएटिनिन १.८. मग मोतीबिंदू बाजूस राहतो, आणि रात्रीच्या आत ‘आण्णांची किडनी फेल झाली’ ही वार्ता मुंबई-पुण्यास नोकरीवर असलेल्या मुलांपर्यंत जाऊन पोहोचते.

या वार्तेत तथ्य किती आणि भय किती, याचा निवाडा करण्याची रीत समजावून सांगणे हा प्रस्तुत प्रकरणाचा हेतू आहे. क्रिएटिनिनचा आकडा खोटा नसतो, परंतु तो एकट्याने काहीच सिद्ध करीत नाही. तो कशामुळे वाढला, किती वेगाने वाढत आहे, आणि ज्याच्या रक्तात तो वाढला त्या माणसास आपले पुढील आयुष्य कसे घालवावयाचे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे शेजारी मांडल्यावाचून त्या आकड्यावर कोणताही मोठा निर्णय उभारू नये. आणि वय जसजसे वाढते, तसतसे या तिसऱ्या प्रश्नाचे वजन पहिल्या दोहोंहून अधिक होत जाते.

हा आकडा काय मोजतो

मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली मांसाच्या रसातून एक द्रव्य वेगळे केले व त्यास क्रिएटिन म्हटले. पुढे १८४७ मध्ये युस्टस फॉन लीबिग या जर्मन पंडिताने त्यापासून निपजणाऱ्या दुसऱ्या द्रव्यास क्रिएटिनिन हे नाव दिले. आणि १८८६ साली माक्स याफे याने असे दाखविले की, क्षारयुक्त द्रावणात पिक्रिक अम्लाशी या द्रव्याचा संयोग झाला असता नारिंगी-तांबडा रंग उमटतो. या रंगाच्या गडदपणावरून द्रव्याचे प्रमाण काढण्याची पद्धत पुढे रूढ झाली, आणि अनेक प्रयोगशाळांत तिचीच सुधारलेली आवृत्ती आजही चालू आहे.

आपल्या स्नायूंत साठविलेल्या क्रिएटिनपैकी थोडा अंश दररोज क्रिएटिनिनमध्ये रूपांतरित होऊन रक्तात उतरतो, आणि मूत्रपिंडे तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. निरोगी तरुणाची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातील दीड-दोन लिटर वगळता बाकी सर्व परत रक्तात घेतात. गाळण्याचा हा वेग प्रत्यक्ष मोजणे जिकिरीचे असल्यामुळे वैद्यकाने एक आडवाट काढली : रक्तात क्रिएटिनिन किती उरले आहे ते पाहावे आणि त्यावरून गाळणीच्या शक्तीचा अंदाज बांधावा.

पेढीवरच्या कीर्दीत जी शिल्लक दिसते, ती आवक आणि जावक या दोहोंतून उरलेली असते, आणि केवळ शिल्लक पाहून व्यापार बुडाला की चालला हे कोणताही जाणता मुनीम सांगत नाही. रक्तातील क्रिएटिनिन ही अशीच शिल्लक होय. तिची आवक स्नायूंकडून येते आणि जावक मूत्रपिंडांच्या हाती असते. ज्याचे दंड भरलेले आहेत अशा कुस्तीगीर तरुणाची आवकच मोठी असल्याने त्याच्या रक्तात १.३ आढळले तरी त्याची मूत्रपिंडे उत्तम असू शकतात; उलट जिचे हातपाय वाळून काटक्या झाले आहेत अशा म्हातारीची आवक इतकी आटलेली असते की, तिची निम्मी गाळणशक्ती नष्ट झाली तरी शिल्लक जेमतेम १.१ किंवा १.२ दिसते आणि कागदावर ठळक ठसाही उमटत नाही.

वयाचा हिशेब

या दोषावर उपाय म्हणून आकड्यास वय व लिंग यांची जोड देणारी सूत्रे निघाली. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे १९७६ मधील सूत्र वजनही विचारात घेते व औषधांच्या मात्रा ठरविताना अद्याप उपयोगी पडते. सध्याच्या प्रयोगशाळा जे ‘ईजीएफआर’ म्हणून छापतात ते बहुधा २००९ किंवा २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रावरून काढलेले असते. २०२१ च्या सूत्रात क्रिएटिनिन १.२ हा एकच आकडा घातला, तर २५ वर्षांच्या पुरुषाची गाळणशक्ती मिनिटास सुमारे ८६ मिलिलिटर येते, आणि ७५ वर्षांच्या स्त्रीची सुमारे ४७. तीच स्त्री केवळ ४५ किलो वजनाची असेल, तर कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट यांच्या हिशेबाने ती २९ च्या आसपास उतरते. रक्तातील आकडा तिन्ही ठिकाणी एकच असताना अर्थ इतका बदलतो. म्हणून ज्या अहवालात केवळ क्रिएटिनिन छापले आहे आणि ईजीएफआर नाही, तो अहवाल वृद्धाच्या बाबतीत अपुरा समजावा. स्नायू फारच झडलेले असतील किंवा अंदाजाविषयी संशय राहत असेल, तर स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेल्या सिस्टॅटिन-सी या दुसऱ्या द्रव्याची तपासणी करून रुजवात घालता येते.

आता प्रश्न असा उद्भवतो की, उतारवयात गाळणशक्ती कमी होणे ही व्याधी म्हणावी की वार्धक्याचा धर्म? अमेरिकेतील बाल्टिमोर येथे अनेक वर्षे एकाच माणसांचा मागोवा घेऊन जो अभ्यास झाला, त्यात गाळणशक्ती वर्षास सरासरी पाऊण मिलिलिटरने उतरते असे आढळले. परंतु त्याच अभ्यासात सुमारे एक-तृतीयांश लोकांची शक्ती वय वाढूनही घटली नाही. तात्पर्य, वयाबरोबर घट होणे सामान्य आहे, तथापि अटळ नाही. प्रचलित व्याख्येप्रमाणे ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ राहिला, की त्यास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. मात्र ७८ वर्षांच्या ज्या गृहस्थाचा ईजीएफआर गेली चार वर्षे ५२ वरच स्थिर आहे आणि ज्याच्या लघवीत प्रथिन जात नाही, त्यास या नावाने हादरविण्यात फारसा अर्थ नाही, असे मानणारा मोठा पक्ष तज्ज्ञांतच आहे.

लघवीतील प्रथिनाचा उल्लेख आला, तो मुद्दाम. रक्ताच्या अहवालावर सारे घर रात्र रात्र चर्चा करते, आणि लघवीची साधी तपासणी मात्र कोणी करीत नाही. लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ३० च्या आत असले, तर गाळणीची जाळी बहुतांशी शाबूत आहे असे समजावे. ३०० च्या वर गेले, तर जाळी फाटत चालली आहे आणि पुढील घसरण जलद होण्याची धास्ती आहे. वय, लिंग, ईजीएफआर आणि हे गुणोत्तर एवढ्या चार गोष्टींवरून पुढील दोन व पाच वर्षांत मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याची शक्यता शेकड्यात काढून देणारे सूत्र कॅनडातील नवदीप टांगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. ‘किडनी फेल’ या दोन शब्दांपेक्षा असा एक शेकडा आकडा कुटुंबास अधिक प्रामाणिक माहिती देतो.

याच संदर्भात अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक निवृत्त सैनिकांच्या नोंदी तपासून २००७ साली एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. पासष्ट ते चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसांत डायलिसिसची पाळी येण्याचा संभव मृत्यूच्या संभवाहून अधिक ठरतो, तो ईजीएफआर १५ च्या आसपास किंवा त्याखाली गेल्यावरच. त्यावरच्या पायऱ्यांवरील बहुसंख्य वृद्ध मूत्रपिंड निकामी होण्यापूर्वी हृदयविकारादी दुसऱ्याच कारणाने जातात. त्यामुळे ज्याचा ईजीएफआर ४० आहे अशा वृद्धाने डायलिसिसच्या चिंतेत झुरण्यापेक्षा रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांचा बंदोबस्त करणे त्याच्या आयुष्यास अधिक हितावह ठरते. आणि निपाणीच्या तंबाखूचे मळे ज्या जिल्ह्यात पिकतात, तेथे हे वाक्य जरा मोठ्याने उच्चारण्यास हरकत नाही.

आकडा अकस्मात का चढतो

स्थिर घट आणि अकस्मात चढ यांतील भेद ओळखणे ही या विषयातील पहिली शहाणीव होय. कारण अकस्मात चढलेले क्रिएटिनिन पुष्कळदा पुन्हा खाली आणता येते, आणि ते खाली आणण्याची मुदत थोडी असते. यासाठी घरातील जुने अहवाल, मग ते दहा वर्षांपूर्वीच्या कोणत्या का शस्त्रक्रियेचे असेनात, जपून ठेवावेत. मागील वर्षी १.७ असलेले क्रिएटिनिन आज १.८ असेल, तर धीर धरण्यास जागा आहे. मागील महिन्यात १.० असलेले आज १.८ असेल, तर त्याच दिवशी कारण शोधावयास हवे.

कारणांत अग्रमान वेदनाशामक गोळ्यांस द्यावा लागेल. जन्मभर ओझी उचललेल्या माणसाचे गुडघे आणि कंबर साठीनंतर बोलू लागतात, आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या रोजच्या चहासारख्या घेतल्या जातात. मूत्रपिंडात रक्त नेणारी सूक्ष्म वाहिनी रुंद ठेवण्याचे काम जी द्रव्ये करतात, त्यांचीच निर्मिती या गोळ्या रोखतात. त्यात तो माणूस रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल घेत असेल आणि जोडीला लघवी वाढविणारी गोळीही चालू असेल, तर तिहींचा मिळून असा ताण पडतो की, जुलाबाच्या दोन दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकते. म्हणून जुलाब, वांती किंवा तापाने अंगातील पाणी कमी झाले असता यांतील कोणती गोळी तात्पुरती थांबवावी, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. दुखण्यावर पॅरासिटॅमॉल योग्य मात्रेत घेणे त्या मानाने पुष्कळ निर्धोक आहे.

दुसरे कारण वृद्ध पुरुषांत नित्य आढळते आणि संकोचामुळे नित्य दडविले जाते : प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी तुंबणे. धार बारीक झाली, रात्री चार वेळा उठावे लागते, थेंब थेंब गळते, या तक्रारी वयावर ढकलल्या जातात. आणि तुंबलेले मूत्र मागे फुगत जाऊन मूत्रपिंडांवर दाब आणते. पोटाची सोनोग्राफी हे घटकेत दाखविते, आणि नळी घालून लघवी मोकळी केली असता क्रिएटिनिन दिवसागणिक उतरताना पाहावयास मिळते. वाढलेल्या क्रिएटिनिनच्या तपासात सोनोग्राफी वगळणे म्हणजे पंचनामा न करताच फिर्याद निकालात काढण्यासारखे आहे.

तिसरे कारण अधिक नाजूक आहे, कारण ते उपचाराच्या रूपाने घरात शिरते. ‘क्रिएटिनिन हमखास उतरविणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि भस्मे, ज्यांत काय आहे हे विकणारासही ठाऊक नसते, त्यांतील जड धातू मूत्रपिंडासच बाधतात. फळे निरुपद्रवी असतात हाही समज सर्वस्वी खरा नाही. कोकण-गोमंतकाच्या परसात पिकणारे कमरख मूत्रपिंडाच्या रुग्णास विषासमान ठरते. त्यातील मज्जातंतूंवर आघात करणारे द्रव्य ब्राझीलमधील संशोधकांनी २०१३ साली वेगळे करून दाखविले. त्याच कुळातील बिमलीचा रस अनाशेपोटी पेलाभर प्याल्याने त्यातील ऑक्झलेटमुळे मूत्रपिंडे अकस्मात बंद पडल्याची उदाहरणे केरळात नोंदली गेली आहेत.

पथ्य आणि औषध

दीर्घकालीन विकार मुळापासून बरा होत नाही, परंतु त्याची चाल मंद करता येते. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, मधुमेह सांभाळणे, आणि लघवीत प्रथिन जात असल्यास टेल्मिसार्टन-लोसार्टन वर्गातील औषध घेणे, हा जुना पाया होय. हे औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन प्रारंभी थोडे चढते, आणि हा चढ तीस टक्क्यांच्या आत असेल व पोटॅशियम ठीक असेल तर घाबरून औषध सोडू नये, ही गोष्ट रुग्णास आगाऊ सांगितली गेली पाहिजे. अन्यथा हितकारक गोळीच अपराधी ठरून बंद होते. या पायावर अलीकडे दुसरी भिंत चढली आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहासाठी निघालेली औषधे मधुमेह नसलेल्यांच्याही मूत्रपिंडाचा ऱ्हास मंद करतात, असे २०२० आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले. भारतात त्यांची स्वामित्वहक्काची मुदत संपल्याने ती आता सामान्य पेन्शनीतही परवडण्याजोगी झाली आहेत. मेटफॉर्मिन मात्र ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर बंद करावे लागते.

पथ्याच्या बाबतीत घरोघरी जो अतिरेक होतो, त्याने वृद्धाचे नुकसान आजाराहूनही अधिक होते. क्रिएटिनिन वाढले असे कळताच डाळ बंद, दूध बंद, अंडे बंद, फळ बंद, आणि पाण्यावर पहारा, अशी जप्ती घरावर येते. पातळ भात आणि मीठ नसलेली भाजी खाऊन महिन्या-दोन महिन्यांत म्हातारा उठता-बसता थकू लागतो. मग रक्त तपासले असता क्रिएटिनिन १.८ वरून १.५ वर आलेले दिसते, आणि पथ्याने गुण आला म्हणून सारे समाधान मानतात. वस्तुतः स्नायू झडल्यामुळे आवक घटली आणि म्हणून शिल्लक उतरली, जावक तसूभरही सुधारली नाही. उलट ज्या बळावर म्हातारा चालत होता, ते बळ खर्ची पडले. दीर्घकालीन विकारात शरीराच्या दर किलोस दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिन, म्हणजे पन्नास किलोच्या माणसास चाळीस ग्रॅम, असे सर्वसाधारण प्रमाण सांगितले आहे, आणि अशक्त व झडलेल्या वृद्धास त्याहून अधिक द्यावे, असे २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट नमूद आहे. मीठ मात्र खरोखरीच कमी करावे, आणि लोणचे-पापड यांतील मीठही त्यात मोजावे. पण त्याऐवजी बाजारात मिळणारे ‘लो सोडियम’ मीठ वापरू नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. शहाळे व केळे यांवरील बंदी पोटॅशियम वाढलेले असेल तरच योग्य. ते तपासल्यावाचून सर्वांस सरसकट लागू करणे हा जुलूम होय.

डायलिसिस : यंत्र आणि वय

इतके करूनही काहींची गाळणशक्ती १५ च्या खाली उतरते, आणि ज्या प्रश्नाला सारेजण टाळत आलेले असतात तो समोर उभा राहतो. वय आणि डायलिसिस यांचा इतिहास मोठा विचित्र आहे. हॉलंडमधील कांपेन या गावी विलेम कोल्फ यांनी महायुद्धाच्या धामधुमीत जे कृत्रिम मूत्रपिंड बनविले, त्यावर त्यांचे आधीचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात ज्या पहिल्या रुग्णाचे प्राण त्या यंत्राने निश्चितपणे वाचविले, ती ६७ वर्षांची वृद्धा होती. तिचा आजार अकस्मात उद्भवलेला व उलटणारा होता, म्हणून थोडक्या उपचारावर भागले. पुढे १९६० मध्ये सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातील रक्तवाहिन्यांस कायम जोडून ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी योजून दीर्घकालीन रुग्णांनाही वर्षानुवर्षे डायलिसिस शक्य केले. पण यंत्रे थोडी आणि रुग्ण फार अशा अवस्थेत कोणास जगवावे हे ठरविण्यासाठी नागरिकांची जी समिती नेमली गेली, तिच्यापुढे जाण्यास पंचेचाळिशीपलीकडील माणूस पात्रच नसे. ज्या यंत्राने प्रथम एका वृद्धेला वाचविले, त्याचे दार सतरा वर्षांत वृद्धांस बंद झाले.

आपल्या देशात हे दार वृद्धास उघडल्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे जयप्रकाश नारायण. आणीबाणीतील स्थानबद्धतेत, १९७५ च्या नोव्हेंबरात, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे आढळले. सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले, आणि डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली ७३ व्या वर्षी त्यांचे डायलिसिस सुरू झाले. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी जमविली. पंतप्रधान साहाय्यता निधीतून आलेली ९० हजारांची रक्कम त्यांनी परत केली. १९७७ च्या निवडणुकीत देशाचे राजकारण ज्याने पालटले, तो माणूस आठवड्यातील ठरलेले दिवस यंत्राला बांधलेला होता. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यास त्यांचे निधन झाले. सत्तरी उलटल्यावर डायलिसिस व्यर्थ आहे असे म्हणणारास हे एक उत्तर पुरे आहे. परंतु ज्याच्यापुढे करावयाचे काम उभे होते, मन खंबीर होते आणि दिमतीस निष्णात डॉक्टर होते, अशा एका माणसाचे हे उदाहरण प्रत्येक वृद्धास जसेच्या तसे लागू करणे हीही तितकीच मोठी चूक होईल.

कारण दुसऱ्या बाजूचा पुरावाही तेवढाच भक्कम आहे. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या, म्हणजे आधीच परावलंबी असलेल्या, ३७०२ रुग्णांनी डायलिसिस सुरू केल्यावर त्यांचे काय झाले, हे २००९ साली प्रसिद्ध झाले : वर्षभरात ५८ टक्के मरण पावले, आणि उठणे, बसणे, जेवणे, कपडे घालणे यांतील आपली पूर्वीची क्षमता टिकवू शकले ते केवळ १३ टक्के. इंग्लंडमधील २००७ च्या एका अभ्यासात पंचाहत्तरीपलीकडील रुग्णांस डायलिसिसने एकूण आयुष्य अधिक लाभले खरे, पण ज्यांना हृदयविकारादी अन्य व्याधी फार होत्या त्यांच्यात हा लाभ जवळजवळ नाहीसा झाला. तसेच, डायलिसिस लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढते हा समज ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ८२८ रुग्णांच्या चाचणीने २०१० मध्ये खोडून काढला : गाळणशक्ती १० ते १४ असताना सुरू करणारे आणि ५ ते ७ पर्यंत उतरू देऊन किंवा लक्षणे दिसू लागल्यावर सुरू करणारे, यांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. म्हणून केवळ ‘क्रिएटिनिन आठ झाले’ या एका सबबीवर, भूक चांगली असलेल्या, धाप नसलेल्या आणि पोटॅशियम ठीक असलेल्या वृद्धास त्याच रात्री यंत्रावर घालण्याची निकड नसते.

पिरनवाडीच्या परिसरात या निर्णयास आणखी दोन परिमाणे जोडली जातात. पहिले रस्त्याचे. आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार तास, म्हणजे वर्षास १५६ दिवस; पिरनवाडीहून बेळगावचे रुग्णालय जवळ आहे, परंतु जांबोटीच्या अंगाला रानात वसलेल्या वाडीतून, मृगाच्या पावसात, आदल्या खेपेच्या थकव्यातून न सावरलेल्या माणसास रिक्षात बसवून नेणे म्हणजे प्रत्येक वेळी एका कर्त्या माणसाची दिवसभराची मजुरी बुडणे होय. घरीच करता येणारे पोटाचे डायलिसिस अशा ठिकाणी विचारात घेण्याजोगे आहे. त्यास स्वच्छ खोली आणि हात न थरथरणारी सून किंवा मुलगा मात्र हवा. दुसरे परिमाण पैशाचे, आणि तेथे सीमाभागाची जुनी ठसठस पुन्हा भेटते. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून आहे. कर्नाटकाची आयुष्मान-आरोग्य योजना २०१८ पासून आहे. केंद्राने २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तर वर्षांवरील सर्वांस आयुष्मान योजनेचे कवच जाहीर केले. निवृत्त सैनिकांस ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेचा आधार आहे. आणि महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषिकांस लागू करण्याचे ठरविले, त्यास कर्नाटक शासनाने हरकत घेतली. दोन सरकारांच्या या वादात वृद्धाचा एकही दिवस फुकट जाऊ नये, यासाठी आपल्या हातातील कार्डावर आज, या रुग्णालयात, कोणता उपचार किती काळ मिळतो, याचा खुलासा डायलिसिस सुरू करण्यापूर्वीच करून घ्यावा. सुरू केल्यावर मध्येच पैसे संपणे हे न सुरू करण्याहून वाईट.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा मार्गही केवळ वयामुळे बंद नाही. मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदविण्यास असलेली ६५ वर्षांची मर्यादा केंद्राने २०२३ मध्ये काढून टाकली. तथापि हृदय शस्त्रक्रियेस समर्थ आहे काय आणि आयुष्यभराची औषधे झेपतील काय, यावरच तेथे पात्रता ठरते.

फैसला कोणाचा

आपल्याकडील प्रघात असा की, डॉक्टर मुलाशी बोलतात, मुलगा बाहेर येऊन जावयाशी बोलतो, आणि ज्याच्या हातात सुई जाणार तो म्हातारा खाटेवर पडून सर्वांच्या मुद्रा वाचीत असतो. मुलांच्या मनात माया असते, लोकापवादाचे भय असते, आणि ‘बापाला उपचार केले नाहीत’ हा ठपका जन्मभर पाठीशी लागेल ही धास्तीही असते. या तिहींच्या रेट्याखाली होकार दिला जातो, आणि तो होकार कोणाचा हे कोणी विचारीत नाही. कायद्याची स्थिती याहून स्पष्ट आहे. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसास उपचार नाकारण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केले; स्वतःची शुद्ध हरपल्यावर काय करावे व काय करू नये, हे दोन साक्षीदारांसमक्ष आगाऊ लिहून ठेवण्याची रीत २०२३ मध्ये सोपी करण्यात आली, आणि कर्नाटक शासनाने २०२५ च्या जानेवारीत तिच्या अंमलबजावणीचा आदेश काढला.

म्हणून गाळणशक्ती २० च्या आसपास असतानाच, अडचण दाराशी येण्यापूर्वी, वृद्धास मधोमध बसवून काही प्रश्न त्याच्याच भाषेत विचारावेत. पुढील वर्षात त्यास कशासाठी जगावयाचे आहे, नातीच्या लग्नासाठी, शेताच्या वाटणीसाठी, की केवळ आपल्या ओसरीवर निवांत बसण्यासाठी? डायलिसिस केल्यास त्याच्यासारख्या प्रकृतीच्या माणसास साधारण किती काळ आणि कशा अवस्थेत मिळतो? न केल्यास काय होते, आणि तेव्हा सूज, धाप, खाज, मळमळ यांवर कोण आणि कोठे उपचार करील? या शेवटच्या प्रश्नास पुष्कळ ठिकाणी उत्तरच मिळत नाही, कारण डायलिसिस न करणे म्हणजे रुग्णास घरी सोडून देणे, असा समज रुग्णालयांतही रुजलेला आहे. वस्तुतः यंत्राविना करावयाची काळजी ही स्वतंत्र आणि कष्टाची चिकित्सा आहे : रक्तदाब व पाण्याचा तोल राखणे, रक्ताल्पतेवर इंजेक्शने देणे, खाज व झोपेवर बेतलेल्या मात्रेत औषधे देणे, आणि अखेरच्या आठवड्यांत वेदना होऊ न देणे, हे सर्व तीत येते, आणि अशा रीतीने कित्येक वृद्ध महिनोन्महिने, काही तर वर्षाहून अधिक काळ, आपल्या माणसांत राहतात.

ज्यास ठरविता येत नाही, त्यास मधली वाट आहे. ‘एकदा लावले की सुटत नाही’ ही म्हण डायलिसिसविषयी गावोगाव ऐकू येते, आणि अकस्मात बिघडलेल्या मूत्रपिंडांच्या बाबतीत ती सपशेल खोटी आहे. दीर्घकालीन विकारातही सहा आठवडे किंवा तीन महिने अशी मुदत आधी ठरवून डायलिसिस करून पाहता येते, आणि मुदतीअखेर भूक, झोप, चालणे आणि मनाची उभारी यांचा आढावा घेऊन पुढे जावे की थांबावे हे ठरविता येते. हे ठरलेले दवाखान्याच्या फायलीत तारखेसह लिहून ठेवावे आणि दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे. कारण माणसाची इच्छा त्याच्या प्रकृतीबरोबर पालटते, आणि पालटणे हा त्याचा हक्क आहे. यंत्रास नकार देणाऱ्या वृद्धाने उपचारास नकार दिलेला नसतो, आणि यंत्रास होकार देणाऱ्याने थांबण्याचा अधिकार गमावलेला नसतो; डॉक्टर आणि मुले यांनी या दोन्ही गोष्टी त्यास स्वतः होऊन, स्पष्ट शब्दांत सांगितल्या, म्हणजेच त्याने दिलेले उत्तर त्याचे स्वतःचे ठरते.